लहान म्हणजे किती लहान?

वाचकाचे पत्र: "मी एका कार्यालयात हिशेबाचे काम करते. शाळेत असताना चित्रकलेची आवड होती. पुढे नोकरी आणि संसारात ती मागे पडली. दीड वर्षापूर्वी मी रोज एक लहानसे चित्र काढायचे ठरवले. पहिले दोन-तीन आठवडे उत्तम गेले. नंतर एकेका चित्राला दीड-दोन तास लागू लागले, मग एखादा दिवस चुकला, मग दोन, आणि सारेच थांबले. असे आतापर्यंत तीनदा झाले. दर वेळी नवी वही आणि नवा 'दिवस पहिला'. मध्यंतरी चित्रे समाजमाध्यमावर टाकत होते. तेव्हा हुरूप यायचा, पण एखादे चित्र फारसे कोणी पाहिले नाही की दुसऱ्या दिवशी हात चालत नसे. घरचे थट्टेने मला आरंभशूर म्हणतात आणि या चित्रांचे पुढे काय करणार, असेही विचारतात. माझ्यात चिकाटीच नाही का? रोज काहीतरी खरडण्यापेक्षा महिन्यातून एकच, पण चांगले चित्र काढावे का?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकले आहे. "नंतर एकेका चित्राला दीड-दोन तास लागू लागले" हे ते वाक्य. चिकाटीचा प्रश्न तुम्ही त्यानंतर विचारला आहे, पण माझ्या मते तो तिथे लागूच होत नाही. नोकरी आणि घर सांभाळून रोज दोन तास रिकामे काढणे बहुतेकांना जमत नाही, आणि ते न जमणे हा स्वभावाचा दोष नव्हे. तुम्ही ठरवताना "रोज" आणि "लहानसे" असे दोन शब्द ठरवले होते. त्यांतला "रोज" तुम्ही कसोशीने मोजलात. "लहानसे" मात्र म्हणजे नेमके किती, हे कधीच ठरवले गेले नाही, आणि नेम तिथेच उसवला.

हे कसे घडते ते पाहण्यासारखे आहे, कारण ते जवळजवळ प्रत्येकाच्या बाबतीत याच क्रमाने घडते. सुरुवातीला माणूस पाच-दहा मिनिटांत एखादी वस्तू रेखाटतो आणि खूश होतो. आठवड्याभरात हात सैल होतो, मग एखाद्या सुट्टीच्या दिवशी छायाप्रकाश, पार्श्वभूमी, रंग असे सगळे साधते आणि चित्र खरोखर चांगले उतरते. अडचण दुसऱ्या दिवशी सुरू होते, कारण आता ते सुट्टीतले चित्र हेच किमान माप होऊन बसलेले असते. त्यापेक्षा साधे काही काढले तर आपण मागे गेलो असे वाटते. म्हणजे आपल्या सर्वांत मोकळ्या दिवशी जे जमले, त्याची अपेक्षा आपण सर्वांत दमलेल्या दिवशी करू लागतो. तो दमलेला दिवस महिन्यातून दोन-तीनदा येणारच असतो, आणि त्या दिवशी नेम मोडणारच असतो.

म्हणून माप ठरवायचे ते वाईटात वाईट दिवस डोळ्यांसमोर ठेवून. तुमच्या कामात महिनाअखेर म्हणजे काय असते ते तुम्हाला मी सांगायला नको. त्या दिवशी उशिरा घरी आल्यावर, डोके जड असताना आणि कोणाशी बोलण्याचीही इच्छा नसताना जेवढे चित्र तुम्ही पूर्ण करू शकाल, तेवढेच तुमचे रोजचे चित्र. ते हास्यास्पद वाटण्याइतके लहान निघेल, आणि निघू द्यावे. मोकळ्या दिवशी त्याहून जास्त काढायला कोणाची हरकत नाही, पण ते वरकड समजावे. दुसऱ्या दिवशीचे माप त्यावरून बदलायचे नाही.

माप कागदावर उतरवताना मी कागद, साधन, वेळ आणि विषय या चारही गोष्टींना कुंपण घालण्याचा आग्रह धरीन. कागद तळहाताएवढा असावा. मोठी वही वापरायचीच असेल तर पानावर आधी पेनाने तेवढी चौकट आखून घ्यावी आणि चित्र तिच्याबाहेर जाऊ देऊ नये. साधन एकच असावे, आणि शक्यतो पुसता न येणारे. खोडरबर जवळ असला की वेळ काढण्यात जेवढा जात नाही तेवढा दुरुस्तीत जातो, शिवाय चुकलेली रेघ तिथेच राहिली तर नजर तिच्याकडून काहीतरी शिकते. वेळ पंधरा मिनिटांची, गजर लावून. गजर वाजला की चित्र जसे असेल तसे पूर्ण झाले असे मानायचे आणि कोपऱ्यात तारीख घालायची. हे "मानायचे" सुरुवातीला जड जाते, पण रोज एखादी गोष्ट संपवण्याची सवय लागते ती त्यातूनच.

विषयाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण रोजच्या चित्रातला खरा वेळखाऊ भाग तोच आहे. कोरे पान समोर ठेवून "आज काय काढू?" असा विचार करत बसल्यास पंधरातली बारा मिनिटे तिथेच जातात आणि शेवटी काहीच पुरेसे सुंदर वाटत नाही. त्यावर उपाय म्हणजे महिन्याचा विषय एकदाच ठरवून टाकावा आणि तो मुद्दाम सामान्य निवडावा: स्वतःचा डावा हात, खुर्चीचे पाय, दाराची मूठ, खिडकीतून दिसणारे आकाश. इंग्लिश चित्रकार जॉन कॉन्स्टेबल याने 1821 आणि 1822 या दोन वर्षांत लंडनजवळच्या हॅम्पस्टेड येथे ढगांचे कितीतरी छोटे तैलरंगी अभ्यास कागदावर केले. ते भराभर केलेले असत, कारण ढग थांबत नाहीत. आणि त्यांतल्या अनेकांच्या पाठीमागे त्याने तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा नोंदवून ठेवली आहे. त्याच्या कागदांना मर्यादा होती, वेळेला मर्यादा होती आणि विषय तर ठरलेलाच होता. "आज काय रंगवू?" हा प्रश्न त्याला पडण्याचे कारणच उरले नव्हते. तुम्हीही चित्रामागे अशी एका ओळीची नोंद ठेवा. पुढे चित्रापेक्षा ती नोंदच कधी कधी जास्त काही सांगते.

वेळेचेही तसेच आहे. "दिवसात कधीतरी" असे ठरवलेले काम दिवसाच्या शेवटी ढकलले जाते आणि तिथून पुढच्या दिवसावर. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने 1990 च्या दशकात मांडले आणि पुढे पुष्कळ प्रयोगांतून दिसून आले, की नुसता संकल्प करण्यापेक्षा "अमुक घडले की मी तमुक करीन" अशा स्वरूपात तो बांधला तर तो पार पडण्याची शक्यता बरीच वाढते. तेव्हा रोज निश्चित घडणारी एखादी गोष्ट निवडा. कार्यालयातून आल्यावर पिशवी ठेवली की, किंवा रात्री फोन चार्जिंगला लावला की, लगेच चौकट आखायची. वही आणि पेन त्याच जागी ठेवलेले असावेत. कपाटातून काढावे लागणारे सामान दमलेला माणूस काढत नाही.

आता खाडा पडण्याविषयी. तुमचा उपक्रम तिन्ही वेळा एका चुकलेल्या दिवसानंतर कोसळला, हे तुमच्या पत्रावरून स्पष्ट दिसते. चुकलेल्या दिवसाला तुम्ही फार मोठे वजन दिलेत. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा सवयींवरचा एक अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. त्यात 96 जणांनी आपापली एक नवी सवय निवडून 12 आठवडे ती रोज पाळण्याचा प्रयत्न केला आणि ती किती आपसूक होत आहे याची नोंद ठेवली. सवय अंगवळणी पडायला लागलेल्या काळाचा मधला आकडा 66 दिवसांचा निघाला. पण माणसामाणसांतला फरक प्रचंड होता, अंदाजे 18 दिवसांपासून 254 दिवसांपर्यंत. या अभ्यासातल्या सवयी खाणे, पिणे आणि व्यायाम यांच्याशी संबंधित होत्या, त्यामुळे ते आकडे चित्रकलेला जसेच्या तसे लावू नयेत. तरीही तुमच्या कामाच्या दोन गोष्टी त्यातून हाती लागतात. एक म्हणजे दोन-तीन आठवड्यांत सवय लागली नाही यात नवल काहीच नाही. तुम्ही दर वेळी ती लागण्याच्या पुष्कळ आधी निकाल देऊन मोकळ्या झालात. दुसरी अधिक महत्त्वाची: एखादी संधी हुकल्याने सवय जडण्याच्या प्रक्रियेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. एक खाडा म्हणजे एक खाडाच असतो. त्याचा नेमभंग आपण करतो, "आता काय, मोडलेच" असे म्हणून.

तेव्हा पानांवर "दिवस पहिला, दिवस दुसरा" असे क्रमांक घालणे आजपासून बंद करा आणि फक्त तारीख लिहा. क्रमांक एकदा तुटला की पुन्हा एकपासून सुरू करावा लागतो. तारखेला तसे काही नसते, मंगळवारनंतर गुरुवार आला तरी वही पुढेच जाते. नवी वहीही आणू नका. तिसऱ्या वहीत जिथे थांबला होतात, त्याच्या पुढचे पान घ्या. आणि चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दोन चित्रे काढू नका. थकबाकी पुढे ओढणे हा तुमच्या व्यवसायाचा धर्म असेल, पण इथे तसे केले तर चार दिवसांच्या आजारपणानंतर चार चित्रांचे देणे अंगावर बसेल, आणि देणे फेडावे लागणार म्हटले की वही उघडण्याचीच इच्छा होत नाही.

रोजच्या नेमाची जी कठोर उदाहरणे आपल्या ऐकिवात येतात, तीही नीट पाहिली तर तितकी सलग नसतात. जपानी चित्रकार ओन कावारा याने 4 जानेवारी 1966 रोजी एक मालिका सुरू केली. एकरंगी पृष्ठभागावर त्या दिवसाची तारीख रंगवायची, एवढेच तिचे स्वरूप. मात्र मध्यरात्रीपर्यंत ते चित्र पूर्ण झाले नाही तर तो ते नष्ट करीत असे. नियम एवढा कडक, पण 2014 मध्ये त्याचे निधन होईपर्यंत अशी चित्रे झाली जवळपास 3000. अठ्ठेचाळीस वर्षांचे दिवस मोजले तर हे प्रमाण साधारण सहा दिवसांत एक असे पडते. कडकपणा होता तो सुरू केलेले चित्र त्याच दिवशी संपवण्याचा, साखळी न तुटू देण्याचा नव्हे. याउलट "पीनट्स" ही वृत्तपत्रांतली व्यंगचित्रमालिका काढणाऱ्या चार्ल्स शुल्झ याने 1950 ते 2000 या काळात 17,897 पट्ट्या काढल्या आणि एवढ्या काळात मोठी विश्रांती घेतली ती एकदाच, 1997 मध्ये, पाच आठवड्यांची. पण तो त्याचा पूर्णवेळ व्यवसाय होता. त्याचा दिवस त्या पट्टीभोवतीच रचलेला होता. अशा माणसांच्या आकड्यांशी स्वतःची तुलना करण्याचा मोह तुम्हाला होईल. तसे करताना त्यांना महिनाअखेरीचे ताळेबंद जुळवावे लागत नव्हते, एवढे लक्षात असू द्या.

तुमचा दुसरा प्रश्न दर्जाचा. रोज खरडण्यापेक्षा महिन्यातून एक चांगले चित्र बरे नाही का, असे तुम्ही विचारता. ते चांगले चित्र चांगलेच होईल याची खात्री आधी कोणाला देता येते का? डीन कीथ सायमनटन या संशोधकाने शास्त्रज्ञ, संगीतकार, लेखक अशा निर्मिती करणाऱ्यांच्या कारकिर्दींचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांचे एक प्रसिद्ध निरीक्षण असे, की ज्या काळात एखाद्याच्या हातून सर्वांत जास्त कामे होतात, त्याच काळात त्याची गाजलेली कामेही जास्त असतात, आणि फसलेलीही. एकूण कामात उत्तम कामाचे प्रमाण फारसे बदलत नाही. यावर अभ्यासकांत मतभेद आहेत आणि सरसकट सगळ्यांना ते लागू करावे असे मीही म्हणणार नाही. पण कोणते चित्र चांगले उतरेल हे आधी कळत नसेल, तर महिन्याला एकच चित्र काढून त्याच्यावर सारी भिस्त ठेवणे हे धाडसाचे आहे, आणि त्या एका चित्रासमोर बसताना हात जो आखडतो तो वेगळाच.

अमेरिकन कवी विल्यम स्टॅफर्ड याने दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून रोज पहाटे, घर जागे होण्यापूर्वी लिहिण्याची सवय ठेवली आणि 1993 साली ज्या दिवशी त्याचे निधन झाले, त्या दिवशी सकाळीही तो लिहीत होता. लिहिणे अडले तर काय करावे, या प्रश्नाला त्याचे ठरलेले उत्तर होते: आपली दर्जाची अपेक्षा खाली आणावी आणि पुढे लिहीत राहावे. यात आळशीपणाला मुभा आहे असे कोणाला वाटेल, पण तसे नाही. काढताना पारख करायची नाही, एवढाच त्याचा अर्थ. पारख सोडायची नाहीच. ती फक्त वेगळ्या दिवशी करायची.

हा वेगळा दिवस महिन्यातून एकदा असावा, आणि तो मात्र चुकवू नये. महिन्याची सगळी चित्रे एकाच वेळी समोर मांडावीत. सर्वांत आवडलेली दोन बाजूला काढावीत, आणि मग आवडी-नावडीचा विचार सोडून एखाद्या परक्याची वही तपासतो तसे पाहावे. वस्तू दर वेळी चौकटीच्या बरोबर मध्येच बसली आहे का? काळोखी देताना हात कचरतो आहे का, सगळी चित्रे फिकी दिसतात का? गोल आकार टाळले गेले आहेत का? असे एक, फक्त एक वैगुण्य निवडावे आणि पुढच्या महिन्याची अट त्यावरून ठरवावी: या महिन्यात वस्तू नेहमी कडेला, किंवा या महिन्यात चौकटीचा अर्धा भाग काळा. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली बर्लिनमधील व्हायोलिनवादक विद्यार्थ्यांवरचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातून "किती तास" हीच गोष्ट लोकांनी उचलली. पण त्यातला सरावाचा विचार असा आहे, की नेमक्या उणिवेवर लक्ष ठेवून, आपले कुठे चुकते ते पाहत केलेली पुनरावृत्तीच माणसाला पुढे नेते. नुसते रोज काढले तर पाट्या टाकल्यासारखे होते, ही तुमची शंका खोटी नाही. तिच्यावरचा इलाज हा महिन्याचा तपासणीचा दिवस आहे. चित्रांची संख्या कमी करणे हा नव्हे.

समाजमाध्यमांबाबत माझे मत स्पष्ट आहे: रोजचे चित्र रोज टाकू नका. 1979 साली मानसशास्त्रज्ञ तेरेसा अमाबिले यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थिनींना रंगीत कागदांच्या तुकड्यांपासून कोलाज करायला दिले. काहींना सांगितले की कलावंत त्याचे मूल्यमापन करतील, काहींना तसे सांगितले नाही. मूल्यमापनाची अपेक्षा ठेवून केलेली कोलाज एकंदरीने कमी कल्पक ठरली. तुमचा अनुभव याच्याशी जुळणारा आहे, फक्त तुमच्याकडे परीक्षक कलावंत नव्हते, तर फोन चाळता चाळता अर्धा सेकंद थांबणारे लोक होते, आणि त्यांच्या न थांबण्याला तुम्ही चित्रावरचा अभिप्राय समजलात. दाखवायचेच असेल, आणि दाखवावेसे वाटणे स्वाभाविक आहे, तर तपासणीच्या दिवशी निवडलेली ती दोन चित्रे दाखवा. तोवर ती जुनी झालेली असतात, त्यांच्यावर कोणी काही बोलले वा न बोलले तरी आजच्या चित्राला धक्का लागत नाही. त्याऐवजी असाच काही नेम असलेली एखादी मैत्रीण मिळाली आणि रात्री एकमेकींना फक्त "झाले" एवढा संदेश पाठवायचे ठरले, तर ते अधिक उपयोगी पडेल.

घरच्यांच्या थट्टेला उत्तर देत बसू नये. चित्रांचे पुढे काय करणार, याचे प्रामाणिक उत्तर "अजून माहीत नाही" असे आहे आणि ते तसेच द्यावे. मात्र एक विनंती त्यांना जरूर करा, की त्या पंधरा मिनिटांत कोणी हाक मारू नये. पंधरा मिनिटे कोणालाही जड होत नाहीत. दोन तास होतात, आणि थट्टेचे खरे कारण कदाचित तेच असावे.

एक शक्यता उरते. हे सगळे नीट चालू लागले, की काही चित्रे चौकटीत मावेनाशी होतील. पंधरा मिनिटे संपतील आणि तुम्हाला उठावेसे वाटणार नाही. तेव्हाही गजर पाळा. त्या पानाच्या कोपऱ्यात एक खूण करा आणि उठा. कॉन्स्टेबलचा "द हे वेन" हा जवळपास सहा फूट रुंदीचा कॅनव्हास प्रदर्शनात लागला तो 1821 सालीच, म्हणजे ढगांचे छोटे कागद आणि सहाफुटी चित्र ही दोन्ही कामे एकाच माणसाच्या हातून एकाच वर्षात होत होती. त्याने एकाला दुसऱ्याच्या जागी बसवले नाही. तुमचे महिन्यातले "एकच, पण चांगले" चित्र त्या खूण केलेल्या पानांतून निघेल. त्याला सुट्टीची पूर्ण दुपार द्या, मोठा कागद द्या, खोडरबरही द्या, आणि हवे तितके दिवस लावा. फक्त त्या दिवसांतही रात्री तळहाताएवढी चौकट आखून त्या दिवसाचे लहान चित्र वेगळे काढा.